गोमाशीचं बाळंतपण

माझ्या सासूबाईंनी मला पसंत केलं ते एका माशीमुळं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारी चेष्टा करतेय. चेष्टा नाही. माशी खरी होती, गुरांच्या अंगावरची, आणि त्या वेळी ती माझ्या दंडाला बांधलेली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. परभणीला शेतकी कॉलेजात मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. वर्गात मुलगी मी एकटीच, पण एकटं वाटायची सोय नव्हती, कारण कुणी ना कुणी सारखं बघतच असायचं. मीही बघून घ्यायचे. माझी नजर तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तयार होत होती, त्यामुळं समोरचा फार वेळ टिकायचा नाही.

आमचे सर तरुणपणी पूर्व आफ्रिकेत गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून आले होते. परदेशातून येताना लोक घड्याळं आणतात, रेडिओ आणतात. सरांनी माशांची पेटी आणली. बुचाच्या तळावर टाचण्यांनी टोचलेल्या, तिकडच्या गुरांच्या रक्तावर जगणाऱ्या माशा. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. सरांनी पहिल्यांदा ती माझ्यापुढं ठेवली तेव्हा मी पटकन म्हणाले, "सर, ही तर आमच्या बोरीची गोमाशी."

सर हसले. म्हणाले, "आहे का? मग सिद्ध करून दाखव."

झालं, माझा प्रबंधाचा विषय ठरला. आफ्रिकेतल्या त्या माशीची शरीररचना, तिचं वर्गीकरण, आणि आपल्याकडच्या गोमाशीशी तिची तुलना. दुसऱ्या कुणाला मिळाला असता तर त्यानं कपाळावर हात मारला असता. मला आनंद झाला. ज्या माशीला लहानपणी चिमटीत धरून चिरडायला बघितलं आणि जी कधी चिरडली नाही, ती आता माझ्या समोर काचेखाली पडलेली होती आणि तिला पळता येत नव्हतं.

गोमाशी ज्यानं जवळून पाहिली नसेल त्याच्यासाठी सांगते. घरमाशीपेक्षा मोठी, तपकिरी, चपटी. अंग चामड्यासारखं चिवट, म्हणून बोटांत दाबली तरी काही होत नाही. डोकं छातीत खुपसून बसल्यासारखं. तोंडाची सुई दोन मिशांच्या म्यानात झाकलेली. पंखांच्या सगळ्या जाड शिरा पुढच्या काठाला गोळा झालेल्या, मागचा भाग नुसता पापुद्रा. पायांना दुहेरी नख्या, त्या केसांत अशा अडकतात की ओढून काढताना जनावराचे केस हातात येतात. चालते तिरपी, खेकड्यासारखी. बसते कुठं, तर शेपटीखाली आणि मांड्यांच्या बेचक्यात, जिथं जनावराची ना जीभ पोचते ना शिंग.

आणि पोट. पोटासाठी मी या माशीची आजही चाहती आहे. बाकीच्या माशा ढिगानं अंडी घालतात आणि निघून जातात. ही अंडी घालतच नाही. एका वेळी एकच पिल्लू पोटात वाढवते, आणि पोटातच दूध पाजते. खरंच दूध. तिच्या गर्भाशयाच्या दोन्ही अंगांना दुधाच्या ग्रंथी असतात, झाडाच्या मुळ्यांसारख्या फांद्या फुटलेल्या. मिठाच्या पाण्यात मेणाच्या तबकावर मी पहिल्यांदा पोट उघडलं आणि त्या पांढऱ्या मुळ्या पसरल्या, तेव्हा मी सुया खाली ठेवल्या. पिल्लू पूर्ण वाढलं की मगच ती त्याला बाहेर सोडते. बाहेर आल्यावर ते काही खात नाही, त्याची कातडीच कडक होऊन कोष बनते. 

अडचण होती वर्गीकरणाची. पुस्तकांत एकमत नव्हतं. काहींच्या मते आफ्रिकेतली माशी आणि आपली एकच, काहींच्या मते दोन वेगळ्या. वेगळ्या म्हणणाऱ्यांचा सगळा भर पाठीवरच्या फिकट ठिपक्यांवर. अमुक ठिपके सुटे असतील तर ही, जुळलेले असतील तर ती. पाठीवरचा ठिपका बघून जात ठरवायची ही रीत मला फार ओळखीची वाटली, आणि म्हणूनच तिचा राग आला. सरांना तसं म्हणाले. सर म्हणाले, "रागावून भागत नाही. एका आईची लेक घे. आई आणि लेक शेजारी ठेव. लेकीचे ठिपके आईसारखे नसतील, तर त्या ठिपक्यांवर भरवसा ठेवायचा नाही."

म्हणजे मला पोटुशी जिवंत माशी हवी होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर बाळंत व्हायला हवी होती. ते काम पावसाळ्यातच व्हायचं, कारण त्या दिवसांत माशा भरपूर. पावसाळा गेला की वर्ष गेलं, आणि मला वर्ष मिळायचं नव्हतं. घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. लग्न झालं की प्रबंध कुठल्यातरी फळीवर जाणार, हे मला दिसत होतं. माझ्या आधी शिकलेल्या दोघीतिघींचं तसंच झालं होतं.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. पोळ्याची सुट्टी होती. पोळ्याला गावातले सगळे बैल वेशीत एका रांगेत उभे राहतात. मी मनाशी म्हटलं, गोठेगोठे हिंडायला नको, एका जागी हव्या तेवढ्या माशा मिळतील. काचेच्या नळ्या, मलमलीचे तुकडे पिशवीत घातले आणि जिंतूरच्या एस.टी.नं बोरीला आले.

आमच्या घरी बैल नव्हता. बाबा शाळामास्तर. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्या घराकडं गावची मेलेली गुरं ओढायचं काम होतं. बौद्ध झाल्यावर ते सोडलं, आणि सोडल्याबद्दल गावानं जे सोसायला लावलं तेही सोसलं. तेव्हापासून आमच्या घरातलं माणूस कुणाच्या गोठ्यात पाय ठेवत नसे. मी बाबांना माझा बेत सांगितला तेव्हा त्यांनी हातातला पितळी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "जा. पण मागल्या दारानं न्हाई. पुढल्या दारानं जायचं, आन् काय करायलीस ते सांगून करायचं."

बाबांचे हे शब्द मी आयुष्यभर वापरले. त्यांचे उपकार मोजायला बसले तर पहिलं हेच येतं.

सकाळी वेशीत गेले. बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. मी पहिल्या बैलाच्या मागं वाकले. माशी नाही. दुसऱ्याच्या. नाही. आख्खी रांग संपली. शेतकरी माझ्याकडं बघायला लागले आणि बैलही. मग डोक्यात प्रकाश पडला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली होती, खांद्यांना हळद-तूप लागलं होतं, सकाळी ओढ्यावर खरारे करून आंघोळी झाल्या होत्या, वरून अंगभर तेल चोळलं होतं. वर्षातून एकच दिवस असा की गावातल्या एकाही बैलावर माशी बसत नाही, आणि मी कीटकशास्त्र शिकलेली बाई नेमका तोच दिवस धरून आले होते. पोळ्याच्या गावात जन्म घेऊन ही माझी हुशारी.

एक म्हातारी बाजेवर बसून माझी फजिती बघत होती. शेतकऱ्याच्या घरची, नवरा गेलेली, एका गायीवर गुजराण करणारी. तिनं हाक मारली. "काय हुडकायलीस, मास्तराची लेक?"

मी सांगितलं.

"बैलावर कशी गावंल आज? गायीकडं बघ की. तिला कोन धुतंय आज?"

बैलांच्या सणाला गायीला कोण विचारतं, हे खरंच होतं. म्हातारीनं मला पुढल्या दारानं आत नेलं, स्वतः गायीचं शेपूट वर धरून उभी राहिली, आणि मी वाकले. माशा होत्या थोड्याच, बऱ्याचशा उडाल्या. हाताला लागली ती एकच मादी, पण तिचं पोट टरारून आलेलं होतं आणि कातडीआडून आतलं पांढरं दिसत होतं. मी म्हातारीला म्हणाले, आजी, लय उपकार झाले. ती म्हणाली, "उपकार कशाचे. माझ्या गायीची एक पीडा कमी झाली."

दुपारच्या एस.टी.नं परत निघायचं असं मी ठरवलं होतं. पण घरी आले तर बाबांनी सांगितलं, उद्या पालमहून पाहुणे येणार आहेत, तुला बघायला. निरोप आताच आला, आता नाही म्हणता येत नाही. मी नळीतल्या माशीकडं बघितलं. गोमाशी रक्ताविना फार तग धरत नाही आणि तिला अंगाची ऊब लागते. ही मेली की माझा पावसाळा संपला. आणि पालमचे पाहुणे हो म्हणाले की बाकीचंही संपलं.

काय करणार? नळीच्या तोंडाला मलमल बांधली आणि मलमलीची बाजू दंडाच्या आतल्या अंगाला दाबून धरली. थोड्या वेळानं सुई टोचल्याचं कळलं. दुखलं, पण मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माय चुलीपुढून बघत होती.

"आगं, माशीला पाजायलीस का?"

"हौ."

"मंग नीट मांडी घालून बस की. पाजताना हालू न्हाई."

माय शाळेत गेली नव्हती. ती मला वेडी म्हणाली असती तरी मी रागावले नसते. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि नळी माझ्या दंडाला नीट बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. पालमहून गंगाखेड, परभणी करत येईपर्यंत सगळे धुळीनं माखलेले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक चुलती. मुलगा जिल्हा परिषदेत कारकून. तो मान खाली घालून पोहे खात होता आणि त्यानं पोह्यांतल्या मिरच्या एका बाजूला काढून ठेवल्या होत्या, एवढंच मला दिसलं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, नळी झाकायला. डावा हात अंगाला चिकटवून एका हातानंच चहा दिला.

चुलतीच्या नजरेतून काही सुटणार नव्हतं. आधी ती सासूबाईंच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रंग लय दबलेला हाय." मग मोठ्यानं मला, "बाई, डाव्या हाताला काय झालंय? उचलून दाव."

बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचा हात उचलून बघायची रीतच होती. लपवावं तर व्यंग ठरतं. मी बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले, "सांगून टाक."

मी पदर सारला, चिंधी सोडली आणि नळी समोर धरली. सांगितलं, ही गोमाशी आहे, ही पोटुशी आहे, हिच्यावर माझी परीक्षा आहे, आणि ती होईपर्यंत मला लग्न करायचं नाही. शेवटचं वाक्य सांगायचं ठरलं नव्हतं. रागात निघून गेलं.

मुलाचे वडील सावकाश म्हणाले, "मास्तर, आमच्या बापानं मेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं पानी बंद केलं तरी परत हात लावला न्हाई. आन् तुमची पोरगी शिकूनसवरून पुन्यांदा ढोराच्याच शेपटीला जायलीय?"

ते चिडून बोलले नाहीत, म्हणूनच ते मला लागलं. कारण ते खोटं नव्हतं.

बाबा म्हणाले, "तवा बोलवलं की जावं लागायचं. ही आपल्या मनानं गेली. पुढल्या दारानं गेली."

पाहुणे आता उठणार असं मला वाटलं. तेवढ्यात सासूबाई, म्हणजे तेव्हा अजून नुसत्या मुलाची आई, आल्यापासून एक शब्द न बोललेल्या, त्यांनी हात पुढं केला. "बघू दे ती नळी."

मी दिली. त्यांनी ती उजेडाकडं धरली, आणि त्यांची मान वाकली. "ह्ये काय निघायलंय?"

मी गुडघ्यावर सरकले. माशीनं पाय काचेला रोवले होते, पोट मागं ताणलेलं, आणि टोकातून पांढरं, गोल काही तरी बाहेर येत होतं. येत होतं आणि थांबत होतं. सासूबाईंनी नळी जराही हलू दिली नाही. "कळा द्यायलीय गं ही," त्या म्हणाल्या, मला नाही, मायला. माय हातातली थाळी ठेवून जवळ येऊन बसली. पुरुष माणसं भिंतीशी बसून राहिली, त्यांना काही दिसत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. शेवटी ते पिल्लू सुटलं आणि नळीच्या तळाशी पडलं, पांढऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढं. माशीचं पोट एकदम चपटं झालं. 

"येवढं मोठं? येवढ्याशा पोटात?" सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं. एकच असतं. पोटातच दूध पाजते. पूर्ण वाढ झाल्याबिगर सोडत नाही.

"कच्चं सोडीतच न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी परत नळीत बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर कळलं. या मुलाआधी त्यांची तीन लेकरं अपुऱ्या दिवसांची होऊन गेली होती. खुरपायला जाता जाता, ओझं वाहता वाहता. त्याविषयी त्या कुणाशी बोलत नसत.

आम्ही बोलत होतो तोवर तो दाणा पिवळसर झाला, मग तांबूस, मग तपकिरी. दुसऱ्यांदा चहा झाला तोवर काळा कुळकुळीत. चुलतीनं डोकावून विचारलं, "मेलं का काय? काळं पडलं की."

"मेलं न्हाई," मी म्हणाले. "आता ते पक्कं झालं. पांढरं होतं तोवर नाजूक होतं, बोट लागलं तरी फुटलं असतं."

सासूबाईंनी नळी माझ्या हातात परत दिली. मग चुलतीकडं वळून, काही खास बोलतोय असा भाव न आणता म्हणाल्या, "ऐकलंस का? पांढरं ते कच्चं, काळं ते पक्कं." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी आपल्याला चालती. पर परीक्षा झाल्यावर. माशीला कळतंय कच्चं सोडू न्हाई, तर आपल्याला कळाया नको का?"

दारात चप्पल घालताना सासऱ्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि जरा वेळ तसाच धरला.

कोष मी वाळूच्या वाटीत ठेवून परभणीला नेला. पावसाळा संपता संपता त्यातून माशी निघाली. मादीच. मी तिला तिच्या आईशेजारी टोचली आणि सरांना बोलावलं. आईच्या पाठीवर तीन फिकट ठिपके, सुटे. लेकीच्या पाठीवर दोन ठिपके एकमेकांत मिसळलेले. पेटीतल्या आफ्रिकेच्या माशीशी लेक जास्त जुळत होती. मला नाचावंसं वाटलं. सर म्हणाले, "छान. पण एका जोडीनं काही सिद्ध होत नाही. आणखी कर."

म्हणजे अजून एक पावसाळा. सरांचा मला तेव्हा संताप आला. आज त्यांचेच आभार मानते, कारण अर्ध्या पुराव्यावर बोलायची सवय त्यांनी मला लागू दिली नाही. पण पालमला काय सांगायचं? मी स्वतः गेले, एस.टी.नं, पुढल्या दारानं. चुलती म्हणाली, पोरगा म्हातारा होईल. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी मान वर करून मला एकदा नीट बघून घेतलं.

"आजून पांढरीच हाय म्हन की," त्या म्हणाल्या. "थांबू आमी."

आणि खरंच थांबल्या. ते वर्ष नातेवाइकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मी पोळा टाळून गेले, म्हातारीच्या गायीपासून सुरुवात केली, आणि मनासारख्या आया-लेकी मिळाल्या. काही लेकी आईवर गेल्या, काही मुळीच नाही. ठिपक्यांवरून दोन जाती पाडता येत नाहीत, असं मी प्रबंधात लिहिलं. पदवी घेतली. मग लग्न झालं. नवरा मिरच्या अजूनही बाजूला काढतो.

दशक संपता संपता मला दिवस गेले. सासूबाईंनी मला घागर उचलू दिली नाही, वाकू दिलं नाही. रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसायच्या. त्यांची भीती मला दिसत होती, त्या ती बोलून दाखवत नव्हत्या.

लेक झाली, पूर्ण दिवसांची. परभणीच्या दवाखान्यात सगळे बघायला आले. चुलती वाकली आणि सवयीनं म्हणाली, "रंग आईचा घेतला."

सासूबाईंनी पोरीला उचलून घेतलं. तिची बोटं बघितली, नखं बघितली, तळपाय बघितले. सगळं जागच्या जागी होतं. मग तिला छातीशी धरून त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पक्की हाय गं. पुरी होऊन आली." आणि त्या रडायला लागल्या.